झेड बोसॉनचं वस्तुमान: आलेख एकच, उत्तरं तीन

उंबरठा

झेड बोसॉन म्हणजे दुर्बल बलाचा वाहक कण. कणभौतिकीच्या तक्त्यात त्याचं वस्तुमान शोधलंत तर ९१.१८८ जीईव्हीच्या आसपासचा आकडा मिळेल. सर्नच्या लेप या इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा प्रतिकण) आदळवणाऱ्या यंत्रावरच्या चारही प्रयोगांनी २००६ मध्ये मिळून दिलेला आकडा ९१.१८७६ आणि त्यातली अनिश्चितता ०.००२१. म्हणजे लाखात दोन भाग. (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, एमईव्ही म्हणजे दशलक्ष. प्रकाशाचा वेग १ धरलाय, त्यामुळे वस्तुमानही जीईव्हीतच.)

आता तीच मोजमापं घ्या, तोच आलेख घ्या आणि त्यावर बसवायच्या सूत्रात एकाच पदात फेरफार करा. वस्तुमान येतं ९१.१५३५. फरक ३४ एमईव्ही, म्हणजे वर दिलेल्या अनिश्चिततेच्या सोळापट! गंमत अशी की दोन्ही सूत्रं रीतसर आहेत आणि दोन्हींची रेघ मोजमापांवरून हुबेहूब सारखी जाते. मग झेडचं 'खरं' वस्तुमान कोणतं? यावर इथे कधी नीट चर्चा झालेली दिसली नाही, म्हणून हा धागा.

आधी स्थिर कण. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या वर्गातून संवेगाचा वर्ग वजा केला की उरतो तो वस्तुमानाचा वर्ग. इलेक्ट्रॉन उभा असो की पळत असो, हा आकडा बदलत नाही. विग्नरने १९३९ मध्ये हे गणितात पक्कं बसवलं: कण म्हणजे वस्तुमान आणि स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) या दोन आकड्यांनी ओळखली जाणारी अवस्था. पण यात एक अट दडलेली आहे. कण एकटा, कुणाशी देणंघेणं न ठेवता, हवा तितका काळ टिकायला हवा. झेड टिकतो सरासरी २.६ गुणिले १० चा उणे २५ वा घात इतके सेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा प्रोटॉनच्या त्रिज्येचा दहावा हिस्सा कापत नाही. असा कण कुठल्याही शोधकयंत्रापर्यंत पोचत नाही. पोचतात ती त्याची अपत्यं: इलेक्ट्रॉन, म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ), क्वार्कांपासून (प्रोटॉनच्या घटकांपासून) निघालेले झोत.

आयुष्य मर्यादित असलं की ऊर्जा एकाच आकड्यावर ठाम राहत नाही, पसरते. त्या पसाऱ्याला रुंदी म्हणतात. एच-बारला (प्लांकचा स्थिरांक भागिले २π) आयुर्मानाने भागा, रुंदी मिळाली. म्यूऑन २.२ मायक्रोसेकंद जगतो, म्हणून त्याची रुंदी एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी. १०५.६६ एमईव्ही वस्तुमानापुढे ती शून्यच समजा. झेडची रुंदी मात्र २.४९५ जीईव्ही, वस्तुमानाच्या पावणेतीन टक्के. इथे 'वस्तुमान म्हणजे काय' हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, तिसऱ्या-चौथ्या अंकात येऊन बसतो.

टंकायला सोपं जावं म्हणून व = वस्तुमान, र = रुंदी, ऊ = टकरीची एकूण ऊर्जा, आय = उणे एकचं वर्गमूळ.

पहिलं सूत्र, ब्राइट आणि विग्नर यांनी १९३६ मध्ये अणुकेंद्रांनी न्यूट्रॉन गिळण्यासाठी मांडलं त्या घराण्यातलं:

१ ÷ (ऊ² − व² + आय·व·र)

दुसरं, लेपवाल्यांनी वापरलेलं:

१ ÷ (ऊ² − व² + आय·ऊ²·र/व)

दुसऱ्यात रुंदी ऊर्जेनुसार बदलते. तेही सकारण आहे: झेड ज्या हलक्या कणांत फुटतो त्यांचं वस्तुमान नगण्य, त्यामुळे फुटण्याचा वेग ऊर्जेबरोबर वाढतो, आणि क्षेत्रसिद्धांताचं गणित हेच पद हातात देतं. आता दुसऱ्या सूत्राच्या छेदाला (१ + आय·र/व) ने भागून बघा. समोर पहिलं सूत्रच उभं राहतं! फक्त व आणि र दोघेही '१ + (र/व)²' च्या वर्गमुळाने भागले जातात, आणि बाहेर एक स्थिर गुणक येतो. आकडे घातले तर वस्तुमान ३४ एमईव्हीने उतरतं, रुंदी जेमतेम एका एमईव्हीने.

म्हणजे आलेख एकच, नावं वेगळी. जगातला कुठलाही प्रयोग या दोन सूत्रांत निवड करून देऊ शकत नाही, कारण निवडण्यासारखं तिथे काही नाहीच. माझं मत असं की 'अस्थिर कणाचं वस्तुमान' ही मोजायच्या आधी ठरवायची गोष्ट आहे, आणि ठरवण्याच्या सगळ्या रीती सारख्या योग्यतेच्या नाहीत. कोणती रीत का बरी, ते प्रतिसादांत बोलू.

---

तिरपागडे

म्हणजे सोळापट गोंधळ करून वर लाखात दोन भागांची अचूकता सांगायची. आमच्या वाण्याचा तराजू बरा म्हणायचा.

---

उंबरठा (तिरपागडे यांना)

वाण्याने किलो म्हणजे काय हे आधी सांगितलं असेल तर त्याचाही तराजू बराच. :)

गोंधळ नाहीये हो. कुठली व्याख्या घेतली ते लेपवाल्यांनी साफ लिहिलंय. सिद्धांताकडून येणारा आकडा त्याच व्याख्येत बदलून घेतला की तुलना चोख होते. अचूकता आलेख किती नीट मोजला याची, आणि तो कमालीचा नीट मोजलाय. १९८९ ते १९९५ या काळात चार प्रयोगांनी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख झेड नोंदवले. यातल्या एल३ प्रयोगात आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) गट होता. चंद्राच्या ओढीने २७ किलोमीटर परिघाचं कडं मिलिमीटरभर ताणलं जायचं आणि तेवढ्याने किरणांची ऊर्जा १० एमईव्हीच्या घरात हलायची, तेही हिशोबात धरलंय. जीनिव्हाहून सुटणाऱ्या टीजीव्ही गाडीच्या विजेचा भरकटलेला प्रवाहसुद्धा! इतकं करून शेवटी २ एमईव्हीपर्यंत उतरले.

---

निवृत्त मास्तर

उंबरठा, लेख आवडला. अकरावी-बारावीला आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण तक्त्यातल्या वस्तुमानामागे एवढं राजकारण असेल हे ठाऊक नव्हतं.

मी हे तानपुऱ्यावरून समजून घेतो. तार छेडली की नाद बराच वेळ टिकतो, म्हणून तिचा स्वर काटेकोर लावता येतो. तीच तार छेडल्याबरोबर बोटाने दाबली तर नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि त्याचा स्वर कोणता हे गवईसुद्धा छातीठोकपणे सांगणार नाही. झेड म्हणजे दाबलेली तार. बरोबर ना?

एक शंका. सूत्रांच्या भानगडीत पडायचंच कशाला? आलेखाचं शिखर जिथे येतं ती ऊर्जा म्हणजे वस्तुमान, असं सरळ का म्हणू नये?

---

उंबरठा (निवृत्त मास्तर यांना)

मास्तर, तानपुरा चपखल. गणितही तेच आहे: विझत जाणाऱ्या नादाची वारंवारता कॉम्प्लेक्स संख्येने लिहितात, तिचा एक भाग स्वर सांगतो आणि दुसरा विझण्याचा वेग.

शिखराबद्दल. प्रत्यक्ष आलेखात शिखर कुठे येतं हे झेडखेरीज इतर गोष्टींवरही अवलंबून असतं. टकरीआधीच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एखादा फोटॉन फेकून ऊर्जा घालवतात. एवढ्याने शिखर सुमारे १०० एमईव्हीने वर सरकतं आणि त्याची उंची पाव हिश्श्याने बसते. शिवाय तीच टक्कर झेडऐवजी फोटॉनमार्गेही घडू शकते, त्या दोन वाटांचं आपसात व्यतिकरण होतं.

झेडच्या बाबतीत हे सगळं काढून टाकता येतं, कारण बाकीचे भाग नीट माहीत आहेत. खरी पंचाईत डेल्टा कणाची, म्हणजे प्रोटॉनच्या जड, अल्पायुषी भाऊबंदाची. शिकागोत फर्मीच्या गटाला १९५२ मध्ये पायॉन (क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांचा हलका कण) आणि प्रोटॉन यांच्या टकरींत त्याची चाहूल लागली. त्याचं नावच १२३२ एमईव्हीवरून पडलंय आणि रुंदी ११७च्या आसपास देतात. ब्राइट-विग्नर बसवून येणारे हे आकडे. गणिती पोल शोधला तर वस्तुमान १२१० आणि रुंदी १०० च्या आसपास. २२ एमईव्हीचा फरक! कारण डेल्टा जिथून सुरू होतो तो पायॉन-प्रोटॉनचा उंबरठा (माझा काही संबंध नाही) त्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा उतरत नाही.

---

चिंचोका

वाचतोय. पोल म्हणजे काय ते कुणीतरी मराठीत सांगा प्लीज, मी कॉमर्सवाला आहे.

---

गणितवेडी

चिंचोका, प्रयत्न करते.

टकरीत काय होणार हे सांगणारं एक फलन असतं. प्रयोगात ऊर्जा नेहमी वास्तव संख्या, पण गणितात त्या फलनाला कॉम्प्लेक्स ऊर्जा द्यायला कुणाची हरकत नाही. ज्या ठिकाणी छेद शून्य होऊन फलन अनंताकडे जातं तो पोल. स्थिर कणाचा पोल वास्तव अक्षावरच असतो. अस्थिर कणाचा अक्षाच्या खाली, अर्ध्या रुंदीइतका. झेडचा साधारण सव्वा जीईव्ही खाली. आपण अक्षावरून मोजत जातो आणि खालच्या पोलच्या जवळून जाताना आलेख फुगतो. पोल जितका खोल, तितका फुगवटा पसरट.

त्यात एक खोच आहे. ऊर्जेचं नेहमीचं प्रतल, ज्याला भौतिक शीट म्हणतात, तिथे असे पोल असूच शकत नाहीत. कण फुटायला पुरेशी ऊर्जा जिथे सुरू होते तिथून वास्तव अक्षावर एक काप असतो. तो ओलांडून खाली उतरलं की दुसरी शीट लागते, आणि पोल तिथे असतो.

कुणी विचारायच्या आधी सांगून टाकते: 'हॅमिल्टोनियनची (ऊर्जेच्या गणिती रूपाची) आयगेनमूल्यं, म्हणजे शक्य ऊर्जा, वास्तवच असतात ना?' असतात, पण ज्या अवस्थांची एकूण संभाव्यता मर्यादित आहे त्यांच्यासाठी. गॅमोने १९२८ मध्ये अल्फा ऱ्हासासाठी कॉम्प्लेक्स ऊर्जा वापरली तेव्हा निघालेली अवस्था काळाबरोबर विझते, पण केंद्रापासून दूर जावं तशी वाढत जाते. ऐकायला विचित्र, पण अर्थ सरळ आहे. जे आज दूर दिसतंय ते पूर्वी निघालेलं, आणि पूर्वी शिल्लक जास्त होती. अशा अवस्थेची एकूण संभाव्यता अनंत येते, त्यामुळे तो नियम तिला लागूच होत नाही.

---

चिंचोका

निम्मं कळलं. 'जे दूर दिसतंय ते पूर्वी निघालेलं' हे मात्र एकदम कळलं. पण पोलच का? दिसत तर नाही तो.

---

गणितवेडी (चिंचोका यांना)

कारण तो सगळ्या वाटांना एकच असतो. झेड इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमधून बनवा किंवा क्वार्कांच्या टकरीतून, त्याचा शेवट म्यूऑनमध्ये होवो किंवा टाऊमध्ये, फुगवट्याचा आकार आणि शिखर थोडं थोडं बदलेल, पोलची जागा नाही.

दुसरं कारण जास्त खोल. क्षेत्रसिद्धांतात हिशोबासाठी गेज, म्हणजे क्षेत्रं लिहायची एक पद्धत, निवडावं लागतं. ती आपली सोय, निसर्गाचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून मोजता येणारं कुठलंही उत्तर गेजवर अवलंबून असता कामा नये. जुनी रीत अशी होती: प्रोपॅगेटरच्या (कणाचा प्रवास सांगणारं फलन, उंबरठांच्या सूत्रांसारखं) छेदाचा वास्तव भाग वास्तव अक्षावर जिथे शून्य होतो ते वस्तुमान. पहिल्या पायरीच्या दुरुस्त्यांपर्यंत ही रीत निभावते. पुढच्या पायरीवर तिच्यात गेजचा आकडा शिरतो. सर्लिन आणि स्टुअर्ट यांनी १९९१ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवलं आणि पोलच्या जागेत गेज शिरत नाही हेही. मला विचाराल तर वाद तिथेच मिटला. जे वस्तुमान गेजप्रमाणे बदलतं त्याला कणाचा गुणधर्म कसं म्हणायचं?

---

उंबरठा (गणितवेडी यांना)

+१. फक्त 'वाद मिटला' याला माझी अर्धी संमती. पोल ही एक कॉम्प्लेक्स संख्या. तिचे वस्तुमान आणि रुंदी असे दोन भाग कसे पाडायचे? एक रीत: पोल = व² − आय·व·र. दुसरी: पोल = (व − आय·र/२)². गॅमोची परंपरा आणि काळाबरोबर विझणं बघितलं तर दुसरी नैसर्गिक वाटते. पहिलीने झेडचं वस्तुमान ९१.१५३५ येतं, दुसरीने ९१.१६२. पुन्हा साडेआठ एमईव्हीचा फरक, म्हणजे अजूनही प्रयोगाच्या अनिश्चिततेच्या चौपट. शीर्षकातलं तिसरं उत्तर ते हे.

---

गणितवेडी

तो फरक मला खुपत नाही. बिंदू एकच, तो कुठल्या अक्षांवर वाचायचा एवढाच प्रश्न. ९१.१८७६ सुद्धा त्याच बिंदूवरून काढता येतो. पोल सांगा आणि मोकळे व्हा, ज्याला जे हवं ते तो काढेल.

---

तिरपागडे

तीन वस्तुमानं, दोन शीट, त्यातली एक अभौतिक. आणि ज्योतिषाला थोतांड म्हणता.

---

निवृत्त मास्तर

तिरपागडे, ज्योतिषी तीन उत्तरं देतो तेव्हा एकातून दुसरं काढायचं सूत्र देत नाही.

उंबरठा, माझा पुढचा प्रश्न. रुंदी म्हणजे आयुर्मानाचा व्यस्त, हे तरी ठाम आहे का? वर्गात आम्ही ऱ्हासाचा घातांकी नियम देवासारखा शिकवतो.

---

उंबरठा (निवृत्त मास्तर यांना)

व्यवहारात ठाम, काटेकोरपणे नाही. छेदात शुद्ध ब्राइट-विग्नर असेल आणि ऊर्जा उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत जाऊ शकत असेल तरच ऱ्हास शुद्ध घातांकी येतो. पण खऱ्या व्यवस्थेत ऊर्जेला खालची मर्यादा असते. खाल्फिनने १९५७ मध्ये दाखवलं की तेवढ्या एका कारणाने खूप उशिरा ऱ्हास घातांकापेक्षा मंद व्हायलाच हवा. अगदी सुरुवातीलाही नियम मोडतो: पहिल्या क्षणी ऱ्हासाचा वेग शून्य असतो. हे नुसतं कागदावर नाही. सुरुवातीचं विचलन १९९७ मध्ये टेक्ससमध्ये लेझरच्या जाळीत पकडलेल्या थंड सोडियम अणूंवर दिसलं, उशिराचं २००६ मध्ये विद्रावात सोडलेल्या सेंद्रिय रेणूंच्या चमकण्यात.

झेडच्या बाबतीत घड्याळ लावून आयुर्मान मोजायची सोयच नाही, त्यामुळे तिथे 'आयुर्मान' हा शब्द रुंदीवरून काढलेला आकडा एवढ्याच अर्थाने घ्यायचा. म्यूऑनचं उलट: त्याचं आयुर्मान थेट मोजतात आणि रुंदी भागाकाराने येते. दोन्ही थेट मोजून ताडून बघावेत असे कण हाताला लागणं कठीण.

वर्गात शिकवताय ते चुकीचं नाही. किरणोत्सारी पदार्थांसाठी फरक इतका नगण्य की त्याची चिंता परीक्षकानेही करू नये.

---

सह्यकडा

उशिरा आलो. या धाग्यात सिग्माचं नाव अजून कसं निघालं नाही?

झेडच्या ३४ एमईव्हीवर तुम्ही एवढं भांडताय. सिग्मा, म्हणजे तक्त्यातला एफ-शून्य(५००), दोन पायॉनांत फुटणारा, याच्या बाबतीत 'हा कण आहे का' इथपासून भांडण होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याला तक्त्यातून काढून टाकलं, १९९६ मध्ये परत घेतलं. नाव ठेवलं एफ-शून्य(४००-१२००), म्हणजे वस्तुमानाचा पत्ता '४०० ते १२०० च्या मध्ये कुठेतरी'! पुढे ते (६००) झालं आणि २०१२ पासून (५००).

अडचण अशी की दोन पायॉन एकमेकांवर आपटले तर सिग्मापाशी शिखर येतच नाही. आदर्श रेझोनन्सला (अल्पायुषी कणाच्या फुगवट्याला) फेज, म्हणजे टकरीत लाट किती सरकली तो कोन, ९० अंशांवर पोचते ती ऊर्जा म्हणजे वस्तुमान. इथे फेज ९० अंश गाठते ती ८०० एमईव्हीच्या पुढे, आणि तीही सावकाश चढत. जो तो आपलं सूत्र बसवायचा आणि आपलं वस्तुमान काढायचा.

सुटका झाली ती पोलमुळे, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. टीआयएफआरचे एस. एम. रॉय यांनी १९७१ मध्ये पायॉन-पायॉन टकरींसाठी समीकरणं मांडली, जी आज रॉय समीकरणं म्हणूनच ओळखली जातात. त्यांत कुठलंही सोयीचं सूत्र गृहीत धरलेलं नाही. कारण आधी घडतं आणि परिणाम नंतर, शिवाय टक्कर कुठल्याही बाजूने वाचली तरी सिद्धांत एकच: अशा सर्वसाधारण तत्त्वांवर ती उभी आहेत. कॅप्रिनी, कोलांजेलो आणि लॉइटविलर यांनी २००६ मध्ये तीच समीकरणं कॉम्प्लेक्स प्रतलात नेऊन पोल काढला: ४४१ वजा आय गुणिले २७२ एमईव्ही. रुंदी ५४४, म्हणजे वस्तुमानापेक्षा जास्त!

अशा प्राण्याला शिखरावरून ओळखायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पोल मात्र तिथे आहे, आणि तो बऱ्यापैकी अचूक माहीत आहे.

---

गणितवेडी

सह्यकडा, सुंदर! रॉय समीकरणं भारतातल्याच माणसाची हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

चिंचोका

मग हिग्ज आणि टॉप क्वार्कलाही ही तीन-तीन वस्तुमानं आहेत का?

---

उंबरठा (चिंचोका यांना)

हिग्जला नावापुरती. सिद्धांतानुसार त्याची रुंदी फक्त ४.१ एमईव्ही, वस्तुमान १२५ जीईव्ही. झेडमध्ये ३४ एमईव्ही देणारं तेच गणित इथे ७० इलेक्ट्रॉनव्होल्टसुद्धा देत नाही. हिग्जचं दुखणं वेगळं आहे: शोधकयंत्रांची वाचनक्षमता एक-दोन जीईव्ही, त्यामुळे ४ एमईव्हीची रुंदी आलेखावर थेट दिसूच शकत नाही. शिखरापासून दूर, जास्त ऊर्जेला हिग्जचा किती हिस्सा उरतो, त्यावरून ती आडवाटेने काढतात.

टॉपचं प्रकरण खरंच वाईट. तो सुमारे १७२.५ जीईव्हीचा, रुंदी १.४ च्या आसपास. इथे पोलसुद्धा पूर्ण मदतीला येत नाही. क्वार्क एकटा कधीच सुटा होत नाही, त्यामुळे त्याच्या पोलची व्याख्या हिशोबातल्या पायऱ्या वाढवत नेल्या तरी एका मर्यादेपलीकडे धारदार होत नाही. अनिश्चितता शंभर ते अडीचशे एमईव्हीच्या घरात राहते, मोजमाप कितीही सुधारा. म्हणून सिद्धांतवाले टॉपसाठी ऊर्जेच्या पातळीशी बांधलेली दुसरी वस्तुमानं वापरणं पसंत करतात.

---

गणितवेडी

आणि डब्ल्यू, झेडचा विद्युतभारित जोडीदार? त्याची रुंदीही दोन जीईव्हीच्या वर आहे. सर्नच्याच सीएमएस प्रयोगाने २०२४ मध्ये ८०.३६०२ जीईव्ही दिलं, अनिश्चितता ९.९ एमईव्ही. ते कुठल्या व्याख्येत?

---

उंबरठा (गणितवेडी यांना)

झेडसारखंच, बदलत्या रुंदीच्या सूत्रातलं. तक्त्यात डब्ल्यू आणि झेड दोन्ही त्याच रीतीने देतात. पोलवर जायचं असेल तर डब्ल्यूमधून २७ एमईव्ही वजा करा. दोघांचं गुणोत्तर काढणार असाल तर दोन्ही आकडे एकाच रीतीतले आहेत ना, तेवढं तपासून घ्या. एक इकडचा आणि एक तिकडचा घेतला की अनिश्चिततेच्या तिप्पट चूक विनासायास होते.